कूस कधी बदलली?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"सिस्टर, माझी आई 72 वर्षांची. 15 वर्षं मधुमेह. पावसात न्हाणीकडे जाताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दक्षिण गोव्यातल्या एका खाजगी इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं सगळेच म्हणतात. 17 दिवसांनी घरी आणली. त्याच संध्याकाळी लुगडं बदलताना माकडहाडावर जखम दिसली. मधे काळी खपली, कडेला पिवळं, आणि वास. डिस्चार्ज कार्डावर तिचा एक शब्द नाही. विचारायला गेले तर म्हणाले, वय आहे, साखर आहे, होतं असं. केस पेपर मागितले तर म्हणाले, ते इस्पितळाचे असतात, कोर्टाची ऑर्डर आणा. बिलातले 22 हजार द्यायचे राहिलेत. ते सोडून देऊ म्हणतात, पण 'आमची काहीही तक्रार नाही' अशा कागदावर सही हवी. ऑपरेशनआधी मी चार-पाच ठिकाणी न वाचताच सह्या केल्या होत्या. भाऊ व्हेर्ण्याला कामाला असतो. तो म्हणतो, दहा पोरं घेऊन जातो आणि जखमेचा व्हिडिओ फेसबुकवर टाकतो. नवरा म्हणतो, सोडून दे. मी रोज रात्री आईच्या खाटेशेजारीच झोपत होते. मला दिसलं कसं नाही? दोष कुणाचा?"

भगिनी, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी जखमेपुरतं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. इथे ते पुन्हा लिहिते, कारण अशी जखम घेऊन घरी आलेली म्हातारी माणसं गावोगाव आहेत. कायद्याचं नंतर बघू. ग्राहक आयोग, वकील आठ दिवस थांबू शकतात, काळी खपली आणि वास असलेली जखम थांबत नाही.

ती खपली म्हणजे मेलेलं मांस. ती आहे तोवर खाली जखम किती खोल गेली आहे हे कोणताही डॉक्टर वरून बघून सांगू शकणार नाही. म्हणून घरी हळद, राख, पावडर, बाजारातलं मलम काहीही लावू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात सर्जरीच्या ओपीडीत न्या. तिथे जखम साफ करतील, हाडापर्यंत गेली आहे का ते बघतील. रोजचं ड्रेसिंग मग वाळपईच्या आरोग्य केंद्रात करता येईल का, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा आणि तशी चिठ्ठी घ्या. मधेच ताप, हुडहुडी, धाप, लघवी कमी होणं किंवा आई असंबद्ध बोलू लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी ओपीडीची वाट बघू नका, 108 बोलवा. मधुमेह्याच्या रक्तात अशा जखमेतून जंतुसंसर्ग गेला तर तासांचा हिशेब असतो.

घरी दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण आडवी, खुब्याच्या हाडावर नको. पाठीमागे उशी लावून थोडी कललेली ठेवा. ऑपरेशन कोणतं झालं त्यावर कोणत्या कुशीवर वळवायचं ते ठरतं, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा. दोन पायांमधे उशी असू द्या. पोटरीखाली उशी घाला म्हणजे टाचा अधांतरी राहतील, कारण माकडहाडानंतर नंबर टाचेचा लागतो. पेज भरवताना डोक्याकडची बाजू उंच करता ना? भरवून झालं की थोड्या वेळाने खाली घ्या. तशीच ठेवली तर अंग हळूहळू खाली सरकत राहतं आणि आतलं मांस हाडावर घासलं जातं. रबरी कडी बसायला देऊ नका, ती भोवतालचा रक्तपुरवठाच दाबते. लाल झालेल्या जागेला चोळूही नका. नुसत्या पेजेवर जखम भरत नाही. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर अंडं, नुस्तं (मासळी), डाळ वाढवा, किती ते डॉक्टरांना विचारून. साखर ताब्यात नसेल तर यातलं काहीच लागू पडणार नाही.

आणि एक गोष्ट आजच करा. जखमेचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारखेसह. गोमेकॉच्या कागदावर जखमेची लांबी, रुंदी, खोली लिहून द्या अशी नम्रपणे विनंती करा. डॉक्टरांना उपचारासाठी ते लागतंच. तुम्हाला पुढे दुसऱ्या कामासाठी लागेल.

आता दोष कुणाचा, हे बघू.

मी नर्स म्हणून 31 वर्षं वॉर्डात काढली आहेत. बेडसोर (पडून राहून दाबाने होणारी अशी जखम) झाला म्हणजे हलगर्जी झालीच, असं मी म्हणणार नाही. मांस दबून आत मेलेलं असतं आणि वरची कातडी दोन-तीन दिवस शाबूत दिसते, असंही होतं. मोडलेला खुबा, साखर, वय, ओलं डायपर, हे सगळं एकत्र आलं की काळजी घेऊनही एखाद्याला जखम होते. पण हीच यादी उलटी वाचा. ज्या बाईला मोडलेला खुबा, साखर, वय आणि डायपर आहे, तिला जखम होऊ शकते हे भरती झाल्या दिवशीच कळायला हवं होतं. त्यासाठी ब्रेडन नावाचं एक मोजमाप असतं. हालचाल, ओलावा, खाणं, जाणीव अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज जितकी कमी तितका धोका जास्त. हे पाच मिनिटांचं काम आहे. मग हवेची गादी, दोन तासांनी कूस, रोज अंघोळ पुसताना माकडहाड आणि टाचा बघणं. लाल जागेवर बोट दाबून उचललं आणि लाली गेली नाही, की तीच पहिली पायरी. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जागा गरम लागते, टणक लागते, जांभळट दिसते. हे बघायला डोळा तयार असावा लागतो. तुम्ही शेजारी झोपत होता आणि तुम्हाला दिसलं नाही, याचं कारण ते कुणी तुम्हाला दाखवलंच नव्हतं. ऑपरेशन झालेल्या आईला तुम्ही भीतीने हात लावला नसेल. कोणतीही मुलगी लावत नाही. हा भार तुम्ही मनावरून उतरवा.

म्हणून प्रश्न "जखम का झाली" हा नाही. आईची कूस कधी बदलली, कोणी बदलली, आणि ते कुठे लिहिलं आहे, हे विचारायचं.

हे विचारायला सांगताना माझ्या डोळ्यांसमोर एक चार्ट येतो. नोकरीचं माझं सहावं वर्ष. नाईटला आम्ही दोघी आणि 38 पेशंट. अर्धांगाचा एक म्हातारा खिडकीजवळच्या खाटेवर. रात्री 12 वाजता मी त्याला वळवलं. मग एकाची सलाईन, एकाला झटका, एक मयत. त्याच्याकडे पुन्हा पोचले तेव्हा सकाळचे 6 वाजले होते. साडेसहाला, ड्युटी द्यायच्या आधी, मी चार्टवर लिहिलं: 12, 2, 4, 6. चारही आकडे एका दमात, एकाच पेनाने, एकाच्या खाली एक. चौथ्या दिवशी चादर ओढताना त्याच्या पाठीची कातडी चादरीला चिकटून आली. मला कुणी काही विचारलं नाही. चार्ट बरोबर होता.

हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण तुम्हाला तो कागद वाचता यायला हवा. नर्सिंग चार्ट हातात आला की आकड्यांच्या आधी शाई बघा. 17 दिवस तीन पाळ्यांमधे बदलत्या माणसांनी लिहिलेला कागद एकसारखा दिसत नाही. अक्षर बदलतं, पेन बदलतं, कुठे वेळ चुकते, कुठे खाडाखोड होते. आई एक्स-रेला खाली नेलेली असताना चार्टवर "डावी कूस" लिहिलं आहे का, ते ताडून बघा. एक्स-रेच्या कागदावर वेळ असते. आणि जखमेची पहिली नोंद कधीची आहे? 17 दिवसांत एकदाही नसेल, तर ते कोरं राहणंच तुमच्या बाजूने बोलेल. चार्ट चोख निघाला, जखम चौथ्या दिवशी टिपलेली असली, त्यावर उपचार झालेले दिसले, तर तेही मान्य करायची तयारी ठेवा. मग चूक एवढीच उरेल की तुम्हाला सांगितलं नाही. तीही लहान नाही.

केस पेपर मिळवायला कोर्टाची ऑर्डर लागत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. त्यात स्पष्ट आहे की भरती पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायची, आणि पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितली तर पोच देऊन 72 तासांत द्यायची. 2023 मधे नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि 2002 चेच पुन्हा लागू झाले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मधे तयार केलेल्या पेशंटच्या हक्कांच्या सनदेतही कागदपत्रांचा हक्क आहे. मूळ कागद इस्पितळाकडे राहतात हे खरं. प्रत मात्र तुमची.

अर्ज आईच्या नावाने करा. ती शुद्धीवर आहे, तिची सही किंवा अंगठा घ्या आणि "माझ्या वतीने माझी मुलगी कागद घेईल" हे त्यातच लिहा. नुसतं "केस पेपर" लिहिलं तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात ठेवतील. भरतीची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोंदी आणि कूस बदलल्याचा चार्ट, औषधांचा चार्ट, साखरेच्या नोंदी, ऑपरेशन आणि भुलीची नोंद, संमतीपत्रं, तपासण्या, सविस्तर बिल, असं एकेक नाव घालून मागा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्या. शिक्का देत नसतील तर काउंटरवर वाद घालू नका, सरळ पोस्टात जाऊन पोचपावतीसह रजिस्टर्डने पाठवा. झेरॉक्सचे पैसे मागितले तर द्या, पावती घ्या. अर्जात आरोप लिहू नका. आरोप वाचून कागद देणारा हात आखडतो.

तुमच्या सह्यांबद्दल. न वाचता सही करू नये हे तुम्हाला आता कळलंच आहे, ते पुन्हा ऐकवत नाही. पण ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची सही म्हणजे या शस्त्रक्रियेला आणि तिच्यातल्या माहीत असलेल्या धोक्यांना संमती. कूस न बदलण्याला तुम्ही कुठे संमती दिली नाही, कोणी तशी मागूही शकत नाही. संमती समजावून घ्यायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मधे समीरा कोहली खटल्यात नीट मांडलं आहे. तुम्हाला कोणी समजावलं होतं का, कोणत्या भाषेत, हे आठवत असेल तर आजच तारखेनिशी वहीत टिपून ठेवा.

तो दुसरा कागद मात्र वेगळा. 22 हजारांच्या बदल्यात "तक्रार नाही" यावर सही करू नका. पैशांची ओढ मला कळते. अंगणवाडीच्या मानधनात 22 हजार म्हणजे किती महिने, हे तुम्ही पत्रात लिहिलं आहे. पण जखम भरायला लागणारे महिने, ड्रेसिंग, गाडीभाडं, कदाचित पुन्हा ऑपरेशन, याचा हिशेब अजून कुणालाच माहीत नाही. बिलात सूट द्यायची असेल तर ती बिलावर लिहून देता येते, त्यासाठी तुमचं तोंड बंद व्हायची गरज नाही.

दाद मागायची वेळ आलीच तर तुमच्यासाठी सरळ वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं आहे. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते. इस्पितळ दक्षिणेत असलं तरी तुम्ही सत्तरीच्या, म्हणून उत्तर गोव्याच्या आयोगात जाऊ शकता. तुम्ही भरलेलं बिल 5 लाखांच्या आत आहे, तेव्हा तक्रारीला शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची. घाई नको, पण कॅलेंडरवर खूण करून ठेवा. कोणत्या नर्सने, कोणत्या पाळीत चुकवलं, ते तुम्ही शोधायचं नाही. आपल्या माणसांसाठी इस्पितळ जबाबदार असतं, हे 2004 च्या सविता गर्ग निकालात आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण नाहीतर सगळं येऊन पडतं ते सर्वांत कमी पगाराच्या मुलीवर, जिला त्या रात्री एकटीला अख्खा मजला दिला होता. वकिलाची फी परवडत नसेल तर 15100 वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल, म्हणजे कागद नाकारणं किंवा जखम लपवणं याबद्दल, गोवा मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होते. तिथे भरपाई मिळत नाही. पोलिसात जाऊ नका असं मी सांगेन. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्हा ठरायला फार ठळक, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं जातं. तुमच्या प्रकरणात त्यातून दमणूकच हाती येईल.

भावाला माझा निरोप द्या. आईची पाठ बघून त्याचं रक्त उसळलं, ते आईवरच्या मायेपोटी. पण दहा पोरं घेऊन तो गेला तर इस्पितळातल्या माणसांवरच्या हल्ल्यांसाठी गोव्यात 2013 चा कायदा आहे, आणि गुन्हेगार तो ठरेल. कूस न बदलणारे फिर्यादी होतील. आणि व्हिडिओ? तो जखमेचा व्हिडिओ असला तरी पाठ आईची आहे. जिने आयुष्यभर पदर सरकू दिला नाही, तिची उघडी पाठ सगळ्या गावाच्या मोबाईलवर जाणार. त्याने तिला विचारलं आहे का?

हे लिहिताना मी तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं. चार पानांत तुम्ही आहात, भाऊ आहे, नवरा आहे, इस्पितळाचे लोक आहेत. आई एकदाही बोलत नाही. ती शुद्धीवर आहे, तिला ऐकू येतं, 17 रात्री त्या खाटेवर ती होती. रात्री किती वेळा कोणी वळवलं, बेल वाजवली तर कोणी आलं का, पाठ दुखते असं तिने कोणाला सांगितलं आणि काय उत्तर मिळालं, याची पहिली साक्षीदार तीच आहे. तिच्याजवळ बसा, घाई न करता विचारा, ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून काढा. आणि मग हेही विचारा की तिला काय हवं आहे. कदाचित ती म्हणेल, भांडा. कदाचित म्हणेल, मला बरं करा आणि त्या लोकांनी एकदा समोर येऊन चुकलं म्हणावं. ते हवं असेल तर कागद मिळाल्यावर इस्पितळाच्या अधीक्षकांची भेट मागा, लेखी, तारीख ठरवून. जाताना एकच पान न्या आणि त्यावर तीन प्रश्न: धोका कधी ओळखला, कूस कधी बदलली, आम्हाला का सांगितलं नाही. भावालाही न्या, एकट्याला, पोरांशिवाय. अशा भेटीतून निघालेलं उत्तर मी दोन-तीनदा पाहिलं आहे. ते दर वेळी येत नाही, पण आलं की घरातली माणसं झोपू लागतात.

गोमेकॉच्या ओपीडीला जाताना पहाटेच निघा, नंबर लवकर लागतो. आईला गाडीत बसवून नेऊ नका, मागच्या सीटवर कुशीवर झोपवा, गुडघ्यांमधे उशी घालून. मधुमेहाची गोळी आणि खायला काहीतरी बरोबर ठेवा. निघताना आणि पोचल्यावर कोणत्या कुशीवर होती ते वहीत लिहा. ती वही आता तुमचा चार्ट आहे, आणि तिच्यात जेव्हा वळवाल तेव्हाच लिहा.